सहा चमचे आणि एक सेंच्युरियन

दोन वर्षांपूर्वी भाच्यासाठी केलेले नॅट विमानाचे १/७२ मापाचे मॉडेल माझ्या हातून पाऊण तासात खराब झाले, तेही काम जवळजवळ संपले आहे असे मला वाटत असताना. चंदेरी इनॅमल रंग बसला होता, चाकांची दारे चिकटली होती, पंखांवर वायुदलाची तिरंगी वर्तुळे लागली होती. पत्र्यांच्या सांध्यांतून गडद रंगाचा पातळ वॉश फिरवायचा आणि वर उरलेला पुसून घ्यायचा, एवढेच बाकी होते. वॉश अगदी हवा तसा वाहिला. अर्ध्या तासाने टर्पेंटाईनमध्ये बुडवलेल्या इअर बडने मी पुसायला घेतले. पहिल्या दोन फेऱ्यांत कापसावर तपकिरी रंग आला, तिसऱ्या फेरीत चंदेरी आला आणि माझा हात थांबेपर्यंत डाव्या पंखावर खालचे करडे प्लास्टिक दिसू लागले होते.

त्या रात्री मी सगळा दोष वॉशला दिला. आज देणार नाही. वॉश लावताना मॉडेलची हानी क्वचितच होते, ती पुसताना होते. आणि पुसताना काय होणार हे त्याच्या आठ-दहा दिवस आधी, खालचे थर देताना, ठरून गेलेले असते. ही गोष्ट मला नॅटने नव्हे, तर त्यानंतरच्या पावसाळ्यात हाती घेतलेल्या सेंच्युरियन रणगाड्याने समजावली, आणि तीही तीन वेळा अडखळवून.

ज्यांनी हे काम केलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. वॉश म्हणजे भरपूर पातळ केलेला गडद रंग. मॉडेलच्या पृष्ठभागावरच्या खाचा, रिव्हेटांचे पायथे आणि झाकणांच्या कडा यांत तो केशाकर्षणाने आपण होऊन ओढला जातो, त्यातला द्रावक उडून जातो आणि मागे राहिलेले रंगकण तिथे सावलीचे काम करतात. ही सावली मुद्दाम रंगवावी लागते, कारण लहान मापात ती पडतच नाही. खऱ्या रणगाड्याच्या दोन पोलादी पट्ट्यांमध्ये साडेतीन मिलिमीटरची फट असेल, तर १/३५ मापात ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी उरते आणि टेबलावरच्या दिव्याचा उजेड एवढ्याशा फटीत काळोख राहू देत नाही. कितीही नेटके रंगवलेले मॉडेल वॉशवाचून खेळण्यासारखे सपाट दिसते ते यामुळे.

सेंच्युरियन निवडण्यामागे थोडा पुणेकरी अभिमान होता, हे कबूल करायला हरकत नाही. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल ज्या रणगाड्यात लढता लढता धारातीर्थी पडले, तो ‘फामागुस्ता’ नावाचा रणगाडा सेंच्युरियनच होता आणि तो आज नगरमध्ये जपून ठेवलेला आहे. शिवाय सेंच्युरियन हे वॉशसाठी फार सोयीचे वाहन आहे. बाजूंना पोलादी पत्र्यांची झालर, बुरुजाभोवती, म्हणजे तोफ बसवलेल्या फिरत्या भागाभोवती, सामान ठेवण्याच्या पेट्या, इंजिनावर जाळीदार झाकणे, प्रत्येक बाजूला सहा मोठी चाके आणि त्यांच्यामागे हॉर्स्टमन पद्धतीचे सस्पेन्शन. म्हणजे मळ साचायला जागाच जागा. १/३५ मापात तोफ सोडून त्याची लांबी बावीस सेंटिमीटरच्या आसपास भरते. हातात धरून काम करायला हा आकार उत्तम.

या खेपेला मात्र ब्रशला हात लावण्याआधी मी रंगांचे नाते समजून घ्यायचे ठरवले. रंगाच्या डबीवर नाव काय छापले आहे यापेक्षा तो कशाने विरघळतो हे महत्त्वाचे असते. आपल्या छंदात ढोबळमानाने तीन घराणी आहेत. लॅकर हा तीव्र द्रावकात विरघळतो आणि एकदा सुकला की सौम्य द्रावकांना दाद देत नाही. ॲक्रिलिक पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये पातळ होतो. इनॅमल आणि चित्रकारांचे तैलरंग हे तिसरे घराणे. ते टर्पेंटाईन आणि व्हाइट स्पिरिट यांसारख्या द्रावकांत मिसळतात. नॅटच्या बाबतीत मी इनॅमल रंगावर इनॅमल वॉश दिला होता, म्हणजे वॉशचा द्रावक हा खालच्या रंगाचाही द्रावक होता. त्यातून तो रंग फक्त एक दिवस सुकलेला. इनॅमल बोटाला कोरडा लागला तरी आतून पक्का व्हायला कित्येक दिवस, कधी कधी आठवडे घेतो. मी पुसत होतो ते वॉशला, पण कापसावरच्या टर्पेंटाईनला दोन्ही थर सारखेच होते.

दुसरी अडचण द्रावकाच्या दर्जाची. हार्डवेअरच्या दुकानात ‘थिनर’ मागितला की बहुधा एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) थिनर हातात पडतो, आणि तो लाकडाच्या पॉलिशसाठी कितीही चांगला असला तरी आपल्या किटचे पॉलिस्टायरिन प्लास्टिक सरळ विरघळवतो. ‘टर्पेंटाईन’ मागितले तर जे मिळते ते दर खेपेला सारख्याच जातीचे असेल याची खात्री नसते. म्हणून मी या कामासाठी चित्रकला साहित्याच्या दुकानातून बिनवासाच्या व्हाइट स्पिरिटची बाटली आणली. महाग पडली, पण ती सौम्य असते आणि घरातल्यांच्या डोकेदुखीची तक्रारही तिने बंद केली.

मग आले चमचे. प्लास्टिकच्या चमच्यांवर २०२२ पासून देशभर बंदी आहे. माझ्याकडे त्याच्या कितीतरी आधीच्या एका बारशाचे उरलेले अर्धे पाकीट माळ्यावर सापडले. किटचे प्लास्टिक आणि ते चमचे दिसायला वागायला बरेच जवळचे. सहा चमचे घासून, साबणाने धुऊन, प्राइमर देऊन मी त्यांच्यावर माझ्याजवळचे सगळे संभाव्य थर रचले, प्रत्येकाच्या दांड्यावर आकडा टाकला आणि दोन दिवस पेनस्टँडमध्ये उभे करून सुकू दिले. नंतर सगळ्यांवर एकच वॉश लावला, अर्ध्या तासाने पुसायला घेतले आणि इअर बडच्या वीस फेऱ्या मोजल्या. अर्ध्या भागावर व्हाइट स्पिरिटने, अर्ध्या भागावर दुकानातल्या टर्पेंटाईनने.

पहिल्या चमच्यावर नुसता इनॅमल होता, म्हणजे नॅटचीच पुनरावृत्ती. तो अपेक्षेप्रमाणे पाचव्या फेरीला उठला. दुसऱ्यावर इनॅमलवर ॲक्रिलिकचा चकचकीत पारदर्शक थर, म्हणजे ग्लॉस, होता आणि तो व्हाइट स्पिरिटला टिकला. पण जिथे तो थर विरळ पडला होता तिथे सुईच्या टोकाएवढी छिद्रे उमटली. तिसऱ्यावर तामिया कंपनीचा मॅट (बिनचमकेचा) ॲक्रिलिक होता, वरून काहीही नाही. हा निकाल मला सर्वांत उपयोगी पडला. रंग अजिबात उठला नाही, पण वॉश पुसलाच गेला नाही. मॅट पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर खडबडीत असतो, त्या खड्ड्यांत रंगकण अडकून बसतात आणि सगळा चमचा मळकट तपकिरी झाला. जास्त घासले तर मळ निघण्याऐवजी त्या जागी तुपकट चमक आली. म्हणजे रंग न उठताही फिनिश बिघडू शकते. चौथ्या चमच्यावर त्याच रंगावर ॲक्रिलिक ग्लॉस होता. व्हाइट स्पिरिटची बाजू स्वच्छ राहिली, टर्पेंटाईनच्या बाजूची चमक पंधराव्या फेरीनंतर मंदावली. पाचव्यावर लॅकरचा ग्लॉस होता आणि त्याला दोन्हींपैकी कशाचाही स्पर्श झाला नाही. सहाव्या चमच्याने वेगळाच धडा दिला. त्यावर पाण्यात पातळ होणारा मऊ ॲक्रिलिक होता आणि त्यावर मी लॅकरचा थर एकदम ओला फवारला. त्या तीव्र द्रावकाने खालच्या रंगाला बारीक सुरकुत्या पाडल्या. तोच लॅकर लांबून, धुक्यासारखा, दोन-तीन हातांत दिला असता तर चालले असते, हे मी दांड्याच्या मागच्या बाजूवर करून पाहिले.

तेव्हा ठरले ते असे: तामियाचा एक्सएफ-६२ हा ऑलिव्ह रंग, त्यावर एलपी-९ हा लॅकर ग्लॉस, मग डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे), मग पुन्हा ग्लॉस, त्यावर तैलरंगाचा वॉश आणि सर्वांत शेवटी मॅट. कागदावर हे फार सरळ दिसते.

पहिली ठेच जुलैत लागली. रंगाचे काम व्यवस्थित झाले, दोन दिवस गेले आणि एका संध्याकाळी, बाहेर संततधार चालू असताना, मी बुरुजावर ग्लॉस फवारला. दहा मिनिटांत बुरुजाच्या उजव्या गालावर दुधाची साय आल्यासारखा पांढुरका पडदा धरला. कारण साधे आहे. लॅकरचा द्रावक झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतली वाफ त्या गार, अजून ओल्या थरावर दवासारखी जमते. थर सुकतो तेव्हा तो ओलावा आत कोंडला जातो. पावसाळ्यात मोटारी रंगवणाऱ्यांना हा प्रकार चांगलाच माहीत असतो. मी तीन दिवस वाट पाहिली, एक उघडीप मिळाली तेव्हा दुपारी दोन वाजता, संथ उडणारा थिनर अगदी हलक्या हाताने त्याच जागेवर फवारला आणि वरचा थर पुन्हा सैल होऊन ओलावा सुटला. बुरुज निवळला. उरलेल्या सांगाड्याचा ग्लॉस मात्र मी गणपती उठेपर्यंत लांबणीवर टाकला. छंदातली घाई ही फार हास्यास्पद गोष्ट आहे, कारण आपल्याला कोणीही मुदत दिलेली नसते.

ग्लॉस देताना मी एअरब्रशचा दाब कमी ठेवला आणि पहिले दोन हात जेमतेम दिसतील इतके हलके दिले. तिसरा हात तेवढा ओलसर, की पृष्ठभाग आरशासारखा एकसंध व्हावा. ओलसरपणाला महत्त्व आहे. लांबून आणि कोरडा फवारला तर थेंब हवेतच सुकतात आणि पृष्ठभागावर चमकदार थर न बसता बारीक रव्यासारखी खर बसते. दिव्याखाली तिरपे धरून पाहिले नाही तर ती दिसत नाही. मी पुढच्या तिरप्या चिलखती पत्र्याचा एक कोपरा तसा पाहिला नाही, आणि त्याची किंमत पुढे मोजली.

डेकल ग्लॉसवरच लावावेत, याचे कारण वॉशशीही जोडलेले आहे. मॅट पृष्ठभागावर डेकलच्या पातळ पडद्याखाली हवा अडकते आणि तो चंदेरी दिसतो. त्याहून वाईट म्हणजे वॉश त्या पोकळीत शिरतो आणि तिथून त्याला बाहेर काढण्याचा कोणताही मार्ग नाही. डेकल बसवल्यावर ते मऊ करणारे द्रावण लावून मी त्यांना खाचांत बसू दिले, दुसऱ्या दिवशी ओल्या बडने चिकटद्रव्याचे सुकलेले डाग पुसले आणि वरून पुन्हा ग्लॉसचा एक हात दिला. मग अठ्ठेचाळीस तास मॉडेलला खोक्याखाली झाकून ठेवले. खोक्यावर एक वजनदार पुस्तकही ठेवले, ते माझ्या मोहाला आवर घालण्यासाठी.

त्या अठ्ठेचाळीस तासांत मी मळ पाहायला बाहेर पडलो. नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये मी आधी दोनदा जाऊन आलो होतो. १९९४ पासूनचे हे संग्रहालय रणगाड्यांची ठेवण समजून घ्यायला अतुलनीय आहे. कोणता बोल्ट कुठे, कोणत्या पेटीचे झाकण कसे उघडते, हे तिथेच कळते. पण मळासाठी तिथे जाऊन उपयोग नाही, कारण जपलेल्या वाहनांवर रंगाचे जाड हात असतात आणि त्यांच्या फटी रंगानेच भरलेल्या असतात. मळ शिकायचा तर आमच्याकडच्या रस्त्याच्या कामावरचा जेसीबी, पाण्याचा टँकर किंवा लांबून आलेल्या एसटीची मागची बाजू पाहावी. मला दिसले ते असे, की मळ सगळीकडे सारखा नसतो. आडव्या पृष्ठभागावर तो कोपऱ्यात गोळा होतो, उभ्या पत्र्यावर तो बिजागऱ्या आणि बोल्टांखालून खाली ओघळतो, आणि जिथे माणसाचा हात किंवा बूट रोज लागतो तिथे तो अजिबात नसतो. सगळ्या खाचांत एकसारखी काळी रेघ असलेले वाहन मला कुठेही दिसले नाही. आणि तो काळा तर नसतोच; हिरव्या रंगावरचा साचलेला मळ गडद तपकिरी असतो.

म्हणून रंग घेतले ते बर्न्ट अंबर आणि त्यात किंचित काळा, चित्रकारांच्या तैलरंगाच्या नळ्यांतले. तयार इनॅमल वॉशही मिळतात आणि ते वाईट नसतात. पण ते लवकर धरतात आणि चूक सुधारायला थोडाच अवधी देतात. तैलरंग दुसऱ्या दिवशीसुद्धा हलवता येतो. त्यांतली एक खोड मात्र आधी काढावी लागते. नळीतल्या रंगात जवसाचे तेल असते, ते तसेच राहिले तर वॉश सुकायला फार वेळ घेतो आणि सुकल्यावर तुकतुकीत दिसतो. कुरिअरच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन त्यावर वाटाण्याएवढा रंग काढून ठेवला की तासा-दीड तासात पुठ्ठा तेल शोषून घेतो आणि रंगाभोवती तेलाचे कडे दिसते. फार वेळ ठेवू नये, नाहीतर रंग भुसभुशीत होऊन त्याचे कण वॉशमध्ये तरंगतात. त्या रंगात साधारण दहापट व्हाइट स्पिरिट घालून मी चहाच्या डागासारखे दिसणारे द्रव तयार केले, आणि मॉडेलवर नेण्याआधी पाचव्या चमच्याच्या दांड्यावर त्याचा रंग पाहिला.

आता प्रत्यक्ष वॉश. सगळ्या मॉडेलवर ब्रश फिरवून मग सगळे पुसत बसण्याची जी पद्धत आहे तिला मी या खेपेस हात लावला नाही, कारण जिथे वॉश नको तिथे तो लावून मग काढणे म्हणजे पुसण्याचे काम दहापट वाढवणे आणि धोकाही तितकाच. त्याऐवजी पिन वॉश केला. दोन शून्यांचा लांब केसांचा ब्रश वॉशमध्ये बुडवायचा, टिश्यूला एकदा टेकवायचा आणि टोक फक्त खाचेच्या सुरुवातीला लावायचे. ग्लॉस चांगला असेल तर द्रव आपण होऊन खाचेतून धावतो; इंजिनाच्या झाकणांभोवती एका स्पर्शात चार-पाच सेंटिमीटर रेघ पळाली, तेव्हा त्या दोन महिन्यांच्या खटाटोपाचे चीज झाल्यासारखे वाटले. बोल्टाच्या बाबतीत टोक त्याच्या खालच्या कडेला टेकवावे. वरच्या कडेला टेकवले तर थेंब बोल्टाच्या डोक्यावर चढतो. एका वेळी तळहाताएवढा भाग घ्यावा. सांगाडा, मग बुरुज, मग झालरीचे पत्रे, असे करत दोन संध्याकाळी गेल्या.

आमच्या पेठेत पूर्वी ट्रकच्या मागच्या पाट्या आणि दुकानांचे फलक रंगवणारे एक पेंटरकाका आहेत. नॅटची कथा मी त्यांना एकदा सांगितली होती, तेव्हा ते पान लावता लावता म्हणाले होते, “रंग घासायचा नसतो साहेब, उचलायचा असतो.” मी हसून सोडून दिले होते. सेंच्युरियन पुसताना त्या वाक्याचा अर्थ उमगला. बड द्रावकात बुडवून थेट मॉडेलवर नेला की त्यातून द्रावक निथळतो, खाचेत उतरतो आणि नुकतीच बसलेली सावली धुऊन नेतो; मग आपण पुन्हा वॉश लावतो, पुन्हा पुसतो, आणि एकाच जागेवरून दहा वेळा कापूस फिरतो. त्याऐवजी बड किंवा चपटा ब्रश ओला करून टिश्यूवर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसून घ्यायचा आणि खाचेला आडवा, एकाच दिशेने, वजन न देता फिरवायचा. खाचेच्या दिशेने फिरवला तर केस आत शिरतात. आडवा फिरवला तर फक्त वरचा थर उचलला जातो. प्रत्येक फेरीनंतर बडची बाजू बदलायची, कारण मळलेला बड मळ काढत नाही, पसरवतो. उभ्या पत्र्यांवर मात्र मी मुद्दाम वरून खाली ओढले आणि बोल्टांखाली अगदी पुसट ओघळ राहू दिले. कडेला जास्त हात लागणार नाही याकडेही लक्ष ठेवावे लागते, कारण कडांवर सगळेच थर पातळ असतात आणि ग्लॉसचे कवच आधी तिथेच झिजते. त्या संपूर्ण सांगाड्याला मी साठाच्या आसपास बड वापरले, आणि एकाही बडवर हिरवा रंग आला नाही.

तरी दोन अपघात झालेच. पहिला तो पुढच्या पत्र्याचा कोपरा, जिथे ग्लॉसची खर बसली होती. तिथे वॉश खाचेतून न धावता कागदावर शाई फुटावी तसा चहूकडे पसरला आणि सुकल्यावर त्याला ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशी कडा आली. घासून निघणार नाही हे तिसऱ्या चमच्याने आधीच सांगून ठेवले होते, म्हणून घासले नाही. स्वच्छ व्हाइट स्पिरिटने तो सगळा कोपरा हलकेच ओला केला, म्हणजे डागाची कडा विरघळून विरळ झाली, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर फिकट मातकट तैलरंगाचे दोन ओघळ ओढून त्याला चिखलाचे रूप दिले. पाहणाऱ्याला ते जाणूनबुजून केलेले वाटते. मला अजूनही तिथे डागच दिसतो.

दुसरा अपघात जास्त शिकवणारा होता. चाकांमागच्या सस्पेन्शनवर मी जरा सढळ हाताने वॉश सोडला, ‘तिथे कोण पाहणार’ अशा भावनेने. तो भाग मी ग्लॉसखालीही नीट आणला नव्हता. एअरब्रशचा फवारा चाकांच्या आड पोहोचलाच नव्हता. वॉश सांगाड्याच्या तळाशी असलेल्या छिद्रांतून आत गेला आणि रात्रभर तिथल्या उघड्या प्लास्टिकवर साचून राहिला. सकाळी मॉडेल उचलले तेव्हा डाव्या बाजूचे एक चाक आसासकट टेबलावर राहिले. पॉलिस्टायरिन व्हाइट स्पिरिटमध्ये विरघळत नाही, पण जिथे प्लास्टिकवर आधीच ताण असतो, म्हणजे दाबून बसवलेला आस, जबरदस्तीने वाकवून चिकटवलेला भाग किंवा ताणलेला पट्टा, तिथे असा द्रावक सूक्ष्म तड्यांत शिरतो आणि तडा पुढे सरकवतो. रंगाचे आणि ग्लॉसचे थर हे त्याविरुद्धचे कवच आहे. आतल्या बाजूला ते कवच नसते आणि तिथेच द्रावक साचतो, कारण उडून जायला वारा नसतो. तुटलेल्या आसाला अर्ध्या मिलिमीटरच्या ड्रिलने छिद्र पाडून पितळी तार घातली आणि सुपरग्लूने जोडले. त्या दिवसापासून वॉशच्या आधी सांगाड्याच्या तळाची सगळी छिद्रे आतून बंद करतो, चाके शक्यतो वेगळी ठेवून त्यांचे वॉश स्वतंत्र करतो, ब्रश नेहमी टिश्यूला टेकवून घेतो आणि वॉश झाल्यावर मॉडेल पंख्याच्या मंद वाऱ्यात आडवे न ठेवता तिरपे ठेवतो. तळाला कोणी पाहत नाही हे खरे, पण द्रावक मात्र नेमका तिथेच जातो.

शेवटचा मॅट थर देण्याआधी मी पाच दिवस थांबलो. तैलरंग पूर्ण सुकला नसताना वरून लॅकरचा जोरकस थर पडला तर तो खालचा मऊ रंग ओढून घेतो आणि खाचांजवळ आकसतो. वास घेऊन पाहणे ही माझी पद्धत. मॉडेलच्या जवळ नाक नेल्यावर जवसाचा किंवा स्पिरिटचा मागमूस लागला तर अजून एक दिवस. मॅट दिल्यावर आणखी एक बदल होतो, जो पहिल्या वेळी मनाला लागतो: ग्लॉसखाली खोल आणि गडद दिसणारी प्रत्येक रेघ एकदम फिकट होते. म्हणून वॉश ग्लॉसवर डोळ्यांना थोडा जास्त वाटेल इतका ठेवावा लागतो. मी तो नेमका बेताचा ठेवला होता, त्यामुळे इंजिनाची झाकणे मॅटनंतर मला हवी होती त्यापेक्षा पुसट निघाली. पुन्हा ग्लॉस देऊन पुन्हा वॉश देता आला असता. प्रत्येक नव्या थराने बारीक रिव्हेट थोडे थोडे बुजतात, म्हणून ते केले नाही. तेलकट टिश्यू आणि बड मात्र मी गोळा करून डब्यात कोंबत नाही. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गठ्ठ्याने पडल्या तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून ते खिडकीत पसरून वाळवतो आणि मगच टाकतो.

सेंच्युरियन आता कपाटात आहे, पितळी तारेवर उभे असलेले चाक भिंतीकडे करून. भाच्याने ते पाहून पहिला प्रश्न विचारला तो नॅटचा. त्याच मापाचा दुसरा किट आणून ठेवला आहे आणि पेनस्टँडमध्ये सातवा चमचा उभा केला आहे, चंदेरी लॅकरचा. उद्या त्याला दोन दिवस पूर्ण होतील.